पाच गाणी आणि एक कुत्रा

मावशी, नमस्कार.

मी २९ वर्षांचा. घर डिचोली तालुक्यात, नोकरी पणजीत. दोन महिन्यांपूर्वी साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात. मुलगी मडगावची. साखरपुड्यानंतर आठवड्याभरात तिचा मेसेज आला: "मला पाच गाणी पाठव, जी ऐकली की तू कोण ते मला कळेल. आणि तुझी एक तऱ्हेवाईक सवय सांग, जी कुणाला ठाऊक नाही."

मी रात्रभर जागा. खरं सांगायचं तर मी आठवीपासून वाड्यावरच्या आरतीत घुमट वाजवतो. आणि गाडीत रोज एकच गोष्ट ऐकतो. १९९४ च्या गणेशचवथीला, म्हणजे माझ्या जन्माआधी, आमच्या घरी झालेल्या आरतीची कॅसेट. मी ती मोबाईलवर उतरवून घेतली आहे. घुमटावर आजोबा आहेत. मध्ये आजी खोकते, एक कुत्रा भुंकतो. बावीस मिनिटं. हे काय पाठवायचं? हे धड गाणंसुद्धा नाही. शेवटी नेटवर शोधून जॅझची पाच नावं पाठवली. सवय म्हणून लिहिलं, मला पावसात भिजत चालायला आवडतं. (मावशी, मला लगेच सर्दी होते.) ती इतकी खूश झाली की पणजीत पुढच्या महिन्यात जॅझचा कार्यक्रम आहे, त्याची दोन तिकिटं काढून बसली. मी रोज रात्री जॅझ कसं ऐकायचं ते सांगणारे व्हिडिओ लावतो आणि झोपतो.

माझ्या खऱ्या सवयी या: टेबल, डबा, स्टिअरिंग, गुडघा, मिळेल त्यावर ठेका धरतो. त्यापायी ऑफिसात दोनदा बोलणी खाल्ली आहेत. गाडीतल्या स्टिरिओचा आवाज सम आकड्यावरच लागतो, १३ दिसला की १४ करतो. गाणं चालू असताना गाडीतून उतरत नाही, मग उशीर झाला तरी चालेल. आरतीनंतर तासभर मला कुणाशी बोलवत नाही.

तिनेही तिची पाच गाणी पाठवली आहेत, बरीचशी कोंकणी आहेत. आता तिला खरं सांगू, की महिन्याभरात जॅझ शिकून घेऊ? ती खूप वाचलेली आहे. तिला माझं सगळं गावठी वाटेल.

— ठेकेबाज, डिचोली

अरे ठेकेबाज,

तुझं मूळ पत्र तीन पानी होतं, मी कापून वर एवढंच ठेवलंय. कापण्याआधी एक गोष्ट मोजली. तुझ्या पाच गाण्यांवर, म्हणजे तुझी नसलेल्या पाच गाण्यांवर, तू दीड पान खर्ची घातलं आहेस. तिच्या पाच गाण्यांवर एक वाक्य. "बरीचशी कोंकणी आहेत." संपलं. ऐकलीस का ती? कुणी गायलीत, तिने हीच का निवडली, यातलं कोणतं तिच्या आईचं आणि कोणतं तिचं स्वतःचं? पत्रात काही नाही. जॅझचे व्हिडिओ बघता बघता झोप लागते आणि जिच्याशी संसार करायचा तिची पाच गाणी मोबाईलमध्ये तशीच पडून आहेत.

तू मला विचारलंस ते खोटं बोलण्याबद्दल. ते निस्तरता येईल, त्याकडे येतेच. पण मला हे दुसरं जास्त खुपलं. तिने तुला प्रश्नपत्रिका दिली नव्हती रे. आपलं काहीतरी तुझ्यापुढे ठेवलं होतं आणि तुझं मागितलं होतं. तू परीक्षेला बसलास आणि कॉपी करून पास झालास. आता वरच्या वर्गात बसवलंय तर धडा समजत नाही.

आज रात्री व्हिडिओ बंद कर आणि तिची पाचही गाणी ऐक. एका दमात नको, एकेक. आणि गाडीत ऐक, कारण तुझे कान गाडीत उघडतात हे तूच लिहिलंयस. त्या दिवशी आजोबांना सुट्टी.

का म्हणतेय ते सांगते. मडगावकडची मुलगी, कोंकणी गाणी. मला तिची यादी ठाऊक नाही, पण त्यात एखादा मांडो, म्हणजे ख्रिस्ती घरांतलं संथ कोंकणी नृत्यगीत, असला तर नीट कान दे. व्हायोलिनच्या खाली तुला ओळखीचा आवाज येईल. मांडोला साथ घुमटाचीच असते. तिच्या मडगावकडच्या सासष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती घरातल्या दिवाणखान्यात वाजतं ते आणि तुमच्या वाड्यावर मखरापुढे वाजतं ते वाद्य एकच. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत आवाज घुमवायचा. हे तुला मी सांगायला नको. पण या वाद्याला २०१९ मध्ये गोवा सरकारने राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं आणि तू ते होणाऱ्या बायकोपासून लपवून ठेवतोयस, एवढं मात्र सांगायला हवं.

आणि यादीत साठ-सत्तरच्या दशकातली, ट्रम्पेट-सॅक्सोफोन असलेली कोंकणी गाणी असली, क्रिस पेरींच्या चालीची, लॉर्नांनी गायलेली, तर मग तिकिटं का निघाली तेही तुला कळेल. त्या गाण्यांच्या अंगात जॅझ आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे. तिथली पोरं मोठी होऊन मुंबईला गेली, हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ वाजवू लागली, आणि त्यातलीच कितीतरी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायची. मडगावपासून थोड्याच अंतरावरच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घे. व्हायोलिन आणि संगीत संयोजन हे त्यांचं क्षेत्र. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ मध्ये गुरूचं नाव थेट एका सिनेमाच्या गाण्यात घातलं. सगळा देश ते नाव गुणगुणला, आणि असा माणूस खरोखर आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

तेव्हा माझा अंदाज असा: ती खूश झाली ती तुझ्या उंची आवडीवर नव्हे. तुझी जॅझची नावं बघून तिला वाटलं असेल, याला माझी गाणी कळतील. आणि तू अजून ती लावलीसुद्धा नाहीस.

आता गावठीचं. हा शब्द तू पत्रात चार वेळा वापरलास, मी तीन वेळा खोडला. आपल्याकडे हा घोळ जुनाच आहे. घरात कोंकणी, देवापुढे मराठी, शाळेत इंग्रजी, आणि ऑफिसात पोचेपर्यंत आपण नक्की कुठले हे आपल्यालाच विचारावं लागतं. आरत्या पाठ असणारी, सप्ताहाला रात्रभर भजनात बसणारी पोरं पणजीच्या ऑफिसात गप्प बसलेली मी पाहिली आहेत. गाण्याचा विषय निघाला की दुसऱ्यांनी घेतलेल्या नावांना मान डोलावतात. मला त्यांचा राग येत नाही. पण तुझा थोडा आला, कारण तू नुसती मान डोलावली नाहीस. ती तुझं खरं ऐकून नाक मुरडेल असं तू तिला न विचारता ठरवून टाकलंस. उद्या तुझं पितळ उघडं पडलं तर ती जॅझवरून चिडणार नाही. चिडेल ती यावर.

केरी इथून लांब नाही. फोंडा तालुक्यातल्या त्या गावच्या गायिका केसरबाई केरकर. घरात कधीतरी नाव ऐकलं असशीलच. सूरश्री. अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम, जयपूर-अत्रौली घराण्याचं वळण, आणि मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रिका थोड्याच. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली. अंतराळात कुणी भेटलंच तर पृथ्वीवरचे आम्ही असे, हे सांगायला. त्यात २७ संगीतरचना आहेत आणि भारतातून घेतलेली एकच: केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यात मराठीही आहे. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आज २,४०० कोटी किलोमीटरहून लांब पोचलंय आणि चाललंच आहे.

हे सगळं तुला सांगण्याचं कारण केसरबाई नाहीत. कारण असं की त्या तबकडीत संगीताखेरीज नुसते आवाजही आहेत. पाऊस आहे, पावलांचा आवाज आहे, हृदयाचे ठोके आहेत, कुणीतरी हसतंय. आणि कुत्रा भुंकतोय. परक्याला आपली ओळख करून द्यायला बसलेल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना कुत्रा वगळावासा वाटला नाही. तू मात्र आजीच्या खोकल्यापायी बावीस मिनिटं लपवून ठेवलीस.

पावसात भिजत चालण्याबद्दल काय बोलू? वर्षाला जवळपास ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे. इथे माणूस पावसात चालतो तो आवडीने नाही, बसस्टॉप लांब असतो म्हणून. ती मडगावची आहे, दिल्लीची नाही. ही थाप तिला तेव्हाच कळली असेल आणि ती मनात हसली असेल, असा माझा तरी दाट संशय आहे.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. कानाचंही येत नाही. माझं उदाहरण देते. मला एक खोड आहे, लग्नाआधीपासूनची. रेडिओवर नाट्यपद लागलं आणि ते चांगलं रंगलं, की हातातलं काम थांबतं. पद संपेपर्यंत मी हलत नाही. लग्नात हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं वाटलं. फोंड्याजवळच्या त्या मोठ्या घरात पहिल्या महिन्यातच दूध तीनदा उतू गेलं. तिसऱ्यांदा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. शेगडीवर साय करपल्याचा वास, कट्टा पांढरा, मी हातात फडकं घेऊन नुसती उभी, आणि रेडिओवर शेवटची तान चाललेली. त्यांनी गॅस बंद केला. मी आता बोलणी खाणार. त्या म्हणाल्या, "संपूदे आधी." मग आम्ही दोघींनी कट्टा पुसला. त्यानंतर त्यांच्या हयातीत दूध उतू गेलं की त्या बाहेरूनच ओरडायच्या, "कोणतं पद लागलं होतं गं?"

खोडी अशा कळतात. यादी करून पाठवल्या की त्यातली निम्मी बढाईच असते. मग तू तिला सगळ्या सांगायच्या का? नाही. तुझ्या चार सवयींपैकी स्टिरिओच्या सम आकड्याची सांगूच नकोस. ती तिला सापडू दे. कधीतरी ती मुद्दाम १३ वर ठेवेल आणि तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. एवढी मजा तिच्या वाट्याला राहू दे. ठेका धरण्याचंही सांगावं लागणार नाही, तिच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसशील तेव्हा ताटावरच कळेल. (ताटावर नको धरूस. पाण्याच्या तांब्यावर तर नकोच.) गाणं संपेपर्यंत गाडीतून न उतरण्याचं मात्र सांग, नाहीतर लग्नाच्या हॉलबाहेर तू गाडीत आणि वऱ्हाड दारात, असं व्हायचं.

आरतीनंतर तासभर बोलवत नाही, हे आधी सांगच. त्यात गंमत काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला तिच्या माहेरून वजें, म्हणजे फराळ-मिठाईची भेट, येईल, घर माणसांनी भरलेलं असेल, नवी सून सगळ्यांच्या नजरेखाली असेल, आणि तिला ज्याचा आधार तो नवरा घुमट खाली ठेवून पडवीत जाऊन गप्प बसेल. तिला वाटेल, माझंच काहीतरी चुकलं. माणसाच्या ज्या सवयीचा अर्थ समोरचा स्वतःवर ओढून घेऊ शकतो, ती सवय लपवायची नसते. बाकीच्या चालतात.

खरं कधी सांगायचं? कार्यक्रमाआधी. मध्यंतरात नाही, घरी परतताना नाही, आणि मेसेजवर तर मुळीच नाही. तिचा निरोप आला मेसेजवर म्हणून तुझा कबुलीजबाबही तिथेच जायला हवा असं नाही. येत्या रविवारी मडगावला जा. गाडीत बसवून कुठेतरी ने, आणि गाडी थांबवून सांग. लांबलचक प्रस्तावना नको. "मी पाठवलेली गाणी माझी नव्हती, मला लाज वाटली म्हणून दुसरी पाठवली," एवढं पुरे. त्यापुढे "पण" लावू नकोस. मग तिच्या पाच गाण्यांपैकी एकाबद्दल काहीतरी विचार, खरंच ऐकून पडलेला प्रश्न असेल तर. मग कॅसेट लाव. पूर्ण बावीस मिनिटं लावू नकोस बाबा, पहिल्या खेपेला कुणी कुणाला एवढं ऐकवत नाही. आजी खोकते तिथपर्यंत पुरे.

ती चिडेलही. चिडली तर चिडू दे, लगेच समजूत काढायला धावू नकोस. फसवलं ते तू. ती हसली तर हसून वेळ मारून नेऊ नकोस.

तिकिटं परत करायची नाहीत. जा. आता परीक्षा नाही म्हटल्यावर तुला ते संगीत आवडेल, असं मला वाटतं. नावं, सालं, शैली सगळं विसर आणि ड्रमवाल्याकडे बघत बस. जॅझमध्ये सगळे मिळून एक चाल मांडतात, मग एकेक जण आपल्या मर्जीने भटकून येतो आणि पुन्हा सगळे त्या चालीवर भेटतात. भटकणारा लांब गेला की मागे ताल धरून कोण बसतो, हे आठवीपासून घुमट वाजवणाऱ्याला व्हिडिओतून शिकायला नको. तिथे गुडघ्यावर ठेका धरलास तरी कुणी बोलणार नाही, तिथे अर्धं सभागृह तेच करत असतं. आणि ती शेजारी बसून बघेल, की याला हे खरंच कळतंय, फक्त नावं माहीत नाहीत.

यंदाच्या चवथीला तिला आणि तिच्या आईवडिलांना दर्शनाला बोलाव. तसं रीतीने बोलावणं जाईलच, पण आरतीच्या वेळेला या, असं तू स्वतः सांग. आजोबांचं घुमट अजून घरात असलं, तर ते बहुतेक घोरपडीच्या कातड्याचं असेल. पूर्वी तेच लावायचे. घोरपड वन्यजीव कायद्याखाली आल्यावर आता बकऱ्याचं लावतात, आणि जुने वाजवणारे अजून कुरकुरतात की तो आवाज नाही. तुम्हा डिचोलीकरांना कुंभार शोधायला लांब जायला नको, ही चैन आम्हाला नाही. भाद्रपदातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, ते उन्हात किंवा निखाऱ्यावर शेकून घ्यावं लागतं. त्या वेळी तिला बाजूला बसव. आरतीत सगळे एकदम वाजवतात, शामेळ, कासाळी, चार-पाच घुमटं, त्यात तू वेगळा ऐकू येणार नाहीस. शेकताना मात्र तू एकटा असतोस. एकेक थाप मारून बघतोस, कान लावतोस, पुन्हा निखाऱ्यावर धरतोस. तिने मागितली होती ना गाणी, ऐकली की तू कोण ते कळेल अशी? हे त्यातलं पहिलं धर.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कॅसेट मोबाईलवर उतरवलीस ते चांगलं केलंस, पण एकाच मोबाईलमध्ये असेल तर आजच आणखी दोन ठिकाणी ठेव. मूळ कॅसेट कपाटात असली तर आपल्या हवेत तिला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर तशीच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नकोस, फीत तुटते आणि मशीनही खराब होतं. जाणकाराकडून साफ करून पुन्हा नीट उतरवून घे.

आणि तो कुत्रा कुणाचा होता, ते घरात विचारून ठेव. ती विचारणार.